खेचराच्या मुखवट्यातला श्वास

मी मुखवटा आहे, मित्रांनो. खेचराचा मुखवटा. माझे वय झाले आहे. एक कान शिवलेला आहे आणि जबड्याचे कातडे कोपऱ्यात फाटले आहे. हॉलेनबॅक कॉलेजच्या व्यायामशाळेकडे जाणाऱ्या बोळात, एका काचेच्या कपाटात मला ठेवले आहे. शाळेच्या सहली येतात तेव्हा मुले काचेला नाक लावून मला पाहतात. मग एखादे मूल थोडे डावीकडे सरकते, पुन्हा उजवीकडे सरकते आणि हळूच शेजारच्याचा हात धरते. माझे डोळे असे आहेत की कुठूनही पाहिले तरी मी तुमच्याकडेच पाहतो. त्याला माझा इलाज नाही.

मला एमॉस येकल नावाच्या खोगीर करणाऱ्या माणसाने घडवले. आमच्या गावाला जुना कालवा आहे. एके काळी त्यातून कोळशाच्या होड्या जात आणि काठावरून चालणारी खेचरे त्या होड्या दोराने ओढत. कालवा बंद पडला, होड्या कुजून गेल्या, पण कॉलेजच्या फुटबॉल टीमला, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना, लोक 'खेचरे' म्हणू लागले ते कायमचेच. सामन्यात लोकांना रिझवायला मुखवटा घालून नाचणारे एक खेचर टीमला हवे होते, म्हणून कॉलेजने एमॉसला सांगितले. त्याने वेताचा सांगाडा विणला, त्यावर खोगिराचे कातडे ताणले आणि काचेचे डोळे बसवले. हे डोळे फक्त दिसण्यासाठी आहेत. आतला माणूस माझ्या उघड्या तोंडातल्या जाळीतून बाहेर पाहतो. आयाळ मात्र खरी आहे. गावातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याने कागदात गुंडाळून ती आणून दिली होती. "ही लाव. बाजारातली लावू नकोस," एवढेच तो म्हणाला आणि निघून गेला.

पहिली कितीतरी वर्षे माझे फार कौतुक झाले. आमची टीम तशी हरणारीच. पण ती हरत असतानाही मी कुंपणापाशी नाचत असे, बँडच्या मागे लंगडत चाले, समोरच्या टीमच्या प्रशिक्षकाच्या टोपीचा वास घेई आणि लोक पोट धरून हसत. दरवर्षी नवा विद्यार्थी मला डोक्यावर घेई. कोणाच्या श्वासाला पुदिन्याच्या गोळ्यांचा वास येई, कोणाच्या घामाला भीतीचा. मला सगळे आवडले.

मग मुले कुरकुर करू लागली.

सुरुवात क्लिफ्टन नावाच्या उंच मुलाने केली. सामना ऐन रंगात असताना त्याने मला डोक्यावरून काढले आणि गवतावर ठेवले. ठेवले तेही अगदी हलक्या हाताने, झोपलेल्या माणसाला ठेवावे तसे. चिअरलीडर मुलांना शिकवणाऱ्या डॉर्सीबाई धावत आल्या.

"काय रे, उकडतंय का?"

"उकडत नाही, मॅडम."

"मग?"

"आत कोणीतरी आहे."

"आत तू आहेस, क्लिफ्टन."

"माझ्याआधी आहे. मी श्वास घ्यायच्या आधी घेतं. मोठा. मी थांबलो तर तेही थांबतं आणि मग..."

मुलांनी त्याची पुष्कळ टर उडवली. पण त्याच्यानंतर आलेल्या मुलीने मला एकच सामना घातले आणि परत केले. तिच्यानंतरच्या मुलाने तर माझ्या तोंडात डोकावून पाहिले आणि तोंडातल्या तोंडात 'माफ करा' म्हणून मला खाली ठेवले. मित्रांनो, कातडे आणि वेत श्वास घेत नाहीत. ती मुले ज्याबद्दल सांगत होती तो श्वास माझा नव्हता. पण तो होता. मलाही तो ऐकू येई. संथ, भारी, ओल्या गवताचा वास असलेला. कोणीतरी माझ्या आत उभे राहून वाट पाहत आहे असे मला वाटे, आणि कोणाची ते कळत नसे.

शेवटी मला सामानाच्या खोलीत टाकून दिले. खांद्यांची जुनी कवचे, हवा गेलेले चेंडू, मोडकी शिट्टी आणि मी. उंदरांनी माझा डावा कान कुरतडला. शनिवारी भिंतीपलीकडून बँड ऐकू येई आणि माझ्यातला तो श्वास थोडा जलद होई.

नोरीन टॅकेट आली ती याच काळात.

तिची गोष्ट मला तिनेच सांगितली. आत शिरल्यावर तिला बोलत राहायची सवय होती. ती केंटकीची, डोंगरातली. पन्नाशी उलटलेली, बुटकी, आवाजाने खणखणीत. नवरा डेल निवृत्त झाल्यावर दोघांनी हॉलेनबॅकला घर घेतले, कारण डेलला कालव्यात मासे धरायचे होते. त्याने एक उन्हाळा मासे धरले. बर्फ पडायच्या आत तो गेला. गावात नोरीनला कोणी ओळखत नव्हते. तिच्या दारावर कोणी थाप मारत नव्हते. आणि घर नेमके मैदानाच्या मागच्या रस्त्यावर असल्याने दर शनिवारी तिच्या अंगणावरून ढोल, आरडाओरडा आणि भाजलेल्या मांसाचा धूर जात असे. तिला त्या सगळ्याचा राग येई.

एका शनिवारी कोणीतरी तिच्या दारातच गाडी लावली. नोरीन पायात घरातल्याच सपाता घालून तावातावाने मैदानावर गेली. फाटकावरच्या मुलीने तिला वरच्या रांगेत बसलेल्या ओटिस ब्रॅमवेलकडे पाठवले. ओटिस गावचा जुना न्हावी. गावातले प्रत्येक डोके आणि प्रत्येक गाडी त्याला पाठ होती.

"निळी गाडी?" ओटिस म्हणाला. "मागचा दिवा फुटलेली? ती सत्तेचाळीस नंबरच्या बापाची. तो आता उठायचा नाही, बाई. त्याचा पोरगा खेळतोय."

"मग मी काय करू?"

"बसा. सामना संपेपर्यंत."

"तुमची टीम जिंकेपर्यंत मी इथे ताटकळत बसू?"

"छे. जिंकायला आम्हाला जमत नाही. हरायला मात्र फार वेळ लावत नाही आम्ही."

नोरीन बसली, ती केवळ पाय दुखत होते म्हणून. थंडी होती. ओटिसने न विचारता आपल्या थर्मासमधला सफरचंदाचा कढत रस तिला ओतून दिला. ती मैदानाकडे पाहतच नव्हती. मग सत्तेचाळीस नंबरच्या हातून चेंडू निसटला. तो वेन्डेल नावाचा रुंद खांद्यांचा मुलगा होता. चेंडू त्याच्या पायाशीच घरंगळत होता, पण तो खाली मान घालून उभा राहिला. हुंदक्यांनी त्याचे खांदे हलताना तिला वरूनही दिसले. डेल गेल्यापासून तिने आवाज चढवला नव्हता. ती ताडकन उठली.

"उचल तो चेंडू, बाळा. रडायचं ते नंतर."

सगळा स्टँड वळून पाहू लागला. वेन्डेलने चेंडू उचलला. त्याला लगेच तिघांनी आडवा केला, पण चेंडू त्याने सोडला नाही.

सामना संपला. निळी गाडी निघून गेली तरी नोरीन बसूनच होती. "आपण त्या शेवटच्या डावात उजवीकडून का नाही गेलो?" तिने विचारले.

ओटिसने थर्मासचे झाकण लावले. "'आपण' म्हणालात तुम्ही."

"चुकून निघालं."

"चुकूनच निघतं ते. माझंही असंच निघालं होतं, केस काळे होते तेव्हा."

पुढच्या शनिवारी ती बूट घालून आली. त्यानंतरच्या शनिवारी घोंगडी घेऊन आली. दिवाळखोर नातेवाइकाचा लळा लागावा तसा तिला त्या टीमचा लळा लागला. मुलांची नावे, गावे, दुखरे गुडघे सगळे तिला माहीत झाले. बाहेरगावच्या सामन्यांना ती एकटी गाडी हाकत जाऊ लागली. तिने पडवीचा कठडा टीमच्या करड्या आणि पिवळ्या रंगाने रंगवला. केंटकीहून तिची बहीण वांडा फोनवर तिची खरडपट्टी काढी.

"तू त्या कॉलेजात शिकलीस का, नोरीन?"

"मी कुठल्याच कॉलेजात शिकले नाही."

"तुझं पोरगं शिकलं?"

"मला पोरगं आहे का, वांडा?"

"मग ती टीम तुझी कशी? आपल्या घराण्यात आजवर कोणी टीम बदललेली नाही. नवरा बदललाय, धर्म बदललाय, टीम नाही."

"मी बदललीही नाही," नोरीन म्हणाली. "आधी मला होतीच कुठे?"

पुढच्या शरद ऋतूत डॉर्सीबाईंनी जाहीर केले की यंदा खेचर नसेल. मुखवटा घालायला कोणी तयार नाही. ओटिस कारण ऐकून होता, तो गप्प बसला. नोरीनला कारण कळले तेव्हा ती सरळ सामानाच्या खोलीत आली. दिवा लावला. मला खांद्यांच्या कवचांखालून ओढून काढले. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला माणसाचा हात लागला. तिने खोगिराच्या साबणाने माझे कातडे पुसले, आयाळीतली जाळी काढली, उंदरांनी खाल्लेल्या कानावर तात्पुरती पट्टी चिकटवली. मग मला डोक्यावर चढवले.

आत अंधार होता. ती स्तब्ध उभी राहिली. तिचा श्वास थांबला आणि तो दुसरा श्वास चालू राहिला.

"कोण आहे?" तिने हळू आवाजात विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. मला बोलता आले असते तर मी दिले असते, पण काय उत्तर दिले असते कोण जाणे.

"असू दे," नोरीन म्हणाली. "माझ्याही घरात दुसरं कोणी नाही. मावू दोघं."

त्या वर्षीपासून ती खेचर झाली. लोकांना वाटे आत एखादा चपळ मुलगा आहे. ती ठुमकत चाले, लाथा झाडी, पाहुण्या टीमच्या बँडपुढे पाठ करून उभी राही. आणि आत ती बडबडत असे. डेलच्या माशांबद्दल, वांडाच्या टोमण्यांबद्दल, वेन्डेलच्या गुडघ्याबद्दल. दुसरा श्वास ते सगळे ऐकून घेई. कधी तिला रडू फुटले तर तो श्वास तिच्या गालाजवळ येई, ऊबदार, आणि तिथेच राही. ती भीत नव्हती असे मी म्हणणार नाही. घरी गेल्यावर ती मला कधी पलंगाच्या खोलीत ठेवत नसे. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवी आणि मधले दार लावून घेई. सकाळी दार उघडण्यापूर्वी मात्र ती पलीकडून म्हणे, "येते हं मी आत." जणू परवानगीच मागे.

आता त्या दिवसाचे सांगतो.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. मोसमातला शेवटचा सामना. पलीकडच्या खोऱ्यातल्या टीमशी आमचे जुने वैर, त्यामुळे अख्खे गाव मैदानावर येणार होते. आदल्या आठवड्यात माझा कान पुरता लोंबू लागला होता. नोरीन सकाळीच मला गाडीत घालून शेजारच्या गावी गेली. तिथे घोड्यांचे सामान शिवणारी एक बाई होती. तिने कान शिवून दिला. नोरीनने मला मागच्या सीटवर बसवले आणि माणसाला बांधावा तसा पट्टा बांधला. "वेळेवर पोहोचू," ती म्हणाली.

पण नदीवरून धुके उठले. आमच्याकडे धुके येते ते असे येते की आधी कुंपणे जातात, मग झाडे, मग रस्ता. पुलाच्या अलीकडे दुधाचा ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. ना पुढे जाता येई, ना मागे. नोरीनने गाडीचा रेडिओ लावला. कॉलेजच्या रेडिओवर सामना चालू झाला होता.

"मंडळी, खरं सांगायचं तर मला मैदान दिसत नाहीये," निवेदक म्हणत होता. "माझ्या समोर पांढरा पडदा आहे. शिट्टी ऐकू येते, पोरं धडकल्याचा आवाज येतो. कोण पडलं ते खालून कोणी ओरडून सांगितलं की मी तुम्हाला सांगतो."

नोरीन बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरत होती. अर्धा सामना झाला. बँड वाजू लागला.

"धुकं थोडं फाटलंय," निवेदक म्हणाला. "हां, आता दिसतंय. पलीकडे, कालव्याच्या टोकाला. आपलं खेचर दिसतंय, मंडळी. आज स्वारी भलतीच लांब उभी आहे."

नोरीनची बोटे थांबली.

"कुंपणाच्या बाहेर गेलंय वाटतं. पाण्याच्या अगदी कडेला. तिथे काय करतंय हे? अरे, सोबत कोणीतरी आहे. लहान आहे. लहान मूल आहे एक. अहो, खाली कोणी आहे का? कालव्याकडे बघा जरा. कालव्याकडे..." मग त्याचा आवाज बदलला. "गेलं. पुन्हा मिटलं सगळं. काही दिसत नाही."

नोरीनने आरशात पाहिले नाही. ती सावकाश वळली आणि तिने मागच्या सीटकडे पाहिले. मी तिथेच होतो, मित्रांनो. पट्ट्यात बांधलेला. मी शपथेवर सांगतो, मी गाडीतून हललो नव्हतो. तिने हात लांब करून माझ्या नाकाडावर ठेवला. मग आयाळीवर. तो हात तिने झटकन मागे घेतला आणि डोळ्यांपुढे धरला.

आयाळ ओली होती. टपटप पाणी गळत होते. सीटवर त्याचे डबके साचले होते आणि गाडीभर कालव्याच्या तळाचा, शेवाळाचा वास भरला होता. काचा तर सगळ्या बंद होत्या.

"तू आत आहेस का?" नोरीनने विचारले.

मीही कान देऊन ऐकले. आत काहीच नव्हते. एमॉसने मला घडवल्यापासून पहिल्यांदाच मी रिकामा होतो. नुसता वेत आणि कातडे.

तिने रेडिओ बंद केला नाही. हात कोटाला पुसला आणि ओठ घट्ट मिटून ती समोर पाहत राहिली. रस्ता मोकळा झाला तेव्हा तिने गाडी अशी हाकली की धुक्यात एकदा कठड्याला घासली, तरी ती थांबली नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा सामन्याची शेवटची काही मिनिटे उरली होती. फाटकापाशी माणसांचे कडे होते आणि मध्ये एका बाकावर गुलाबी टोपी घातलेली चार वर्षांची मुलगी बसली होती. ट्रूडी तिचे नाव. मधल्या सुट्टीत आईचा हात सुटला, ती बँडच्या आवाजामागे गेली, धुक्यात वाट चुकली आणि कुंपणाच्या फटीतून कालव्याच्या काठावर गेली. तिथे काठ निसरडा आहे आणि पाणी खोल. निवेदकाची हाक ऐकून माणसे धावली. पण ती पोहोचायच्या आतच मुलगी स्वतःच्या पायाने धुक्यातून चालत फाटकाशी आली होती.

नोरीन मला काखेत घेऊन उभी दिसली तशी मुलीची आई जोअॅन तिच्या गळ्यात पडली.

"तुम्ही होतात तर आत. मला माहीत नव्हतं हो तुम्ही आहात. देव तुमचं भलं करो."

"मी नव्हते," नोरीन म्हणाली. "मी आत्ता येतेय. पुलावर अडकले होते."

"असं काय बोलता? सगळ्यांनी पाहिलं."

"मी नव्हते हो."

जोअॅन रडत हसली. तिला तो नोरीनचा साधेपणा वाटला. नोरीन खाली बसली आणि मुलीच्या समोर तिने मला गुडघ्यावर धरले.

"बाळा, हेच होतं का?"

ट्रूडीने माझ्याकडे नीट पाहिले. "तोंड हेच," ती म्हणाली. "पण त्याला पाय होते. चार."

कोणीतरी हसले. मग कोणी हसले नाही.

"तुझा हात धरला त्याने?"

"हात नाही. मीच त्याचे केस धरले. ते पाण्याच्या बाजूनं चालत होतं. मी पाण्याकडे गेले की ते मला ढकलायचं. पोटानं. पोट गरम होतं."

ओटिस ब्रॅमवेल गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने पुढे येऊन माझी आयाळ चिमटीत धरली, बोटांवरचे पाणी पाहिले आणि नोरीनला बाजूला नेले.

"ही आयाळ माझ्या आजोबांनी दिली होती एमॉसला," तो म्हणाला.

"तू हे कधी बोलला नाहीस."

"बोलण्यासारखं काही नव्हतं. ज्यूडी नावाची खेचरी होती, कालव्यावरची. तिची ही आयाळ. आजोबा पाच-सहा वर्षांचे असताना तिला हाकायला लागले. दिवस दिवस काठानं चालायचं. पोरं चालता चालता झोपायची आणि पाण्यात पडायची, कितीतरी गेली तशी. ज्यूडीनं मात्र आजोबांना एकदाही पाण्याच्या बाजूला जाऊ दिलं नाही. स्वतः त्या बाजूला राहायची. कितीही मारा, बाजू बदलायची नाही."

"तिचं काय झालं?"

"बाजू बदलली नाही," ओटिस म्हणाला. "एका पावसाळ्यात काठ खचला."

नोरीनने माझ्या ओल्या आयाळीवरून हात फिरवला. मैदानावरून शिट्टी ऐकू आली. "आपण किती मागे आहोत?" तिने विचारले.

"कोणाला दिसतंय? सांगतात की एका टचडाऊननं. एकदा चेंडू रेषेपलीकडे नेला की बरोबरी."

मग तिने मला तसेच ओले डोक्यावर चढवले आणि ती मैदानाच्या कडेला गेली. तिच्या कॉलरीतून पाणी पाठीवर उतरत होते. आत शांतता होती. तिचा एकटीचा श्वास आणि दात वाजल्याचा आवाज. ती नाचली नाही. कुंपणाला धरून उभी राहिली आणि पुटपुटत राहिली. "झालं ना काम. ये आता. थंडी आहे बाहेर. ये, बाई."

समोर पांढऱ्या भिंतीत आमची पोरे कुठेतरी खेळत होती. एकदा गलका झाला आणि वरून कोणीतरी ओरडले की बरोबरी झाली. शेवटच्या डावाची शिट्टी वाजली. पावले धडधडत कालव्याच्या टोकाकडे गेली, कोणीतरी आपटले, आणि मग काहीच नाही. हजारो माणसे श्वास रोखून उभी होती. काय झाले ते कोणालाच दिसत नव्हते.

त्या शांततेत तो श्वास परत आला. आधी लांब, मग जवळ. थकलेला होता, फार लांबून चालून आल्यासारखा. तो नोरीनच्या गालापाशी आला आणि तिथे थांबला. ती हुंदका देऊन हसली.

तेवढ्यात कालव्याच्या टोकाला उभ्या असलेल्या आमच्या बँडने गाणे सुरू केले. त्यांना तेथून दिसले होते. वेन्डेल चेंडू घेऊन रेषेपलीकडे पडला होता. आपण जिंकलो हे आम्हाला असे कळले, मित्रांनो, डोळ्यांनी नव्हे, कानांनी. ओटिसने टोपी काढली. वेन्डेल चिखलाने माखलेला धुक्यातून आला आणि त्याने मला, म्हणजे नोरीनला, उचलून फिरवले. तिचे वजन हाताला लागल्यावर तो चपापला. "मिस नोरीन? तुम्ही आहात आत?"

"आम्ही आहोत," नोरीन म्हणाली.

गावात तिच्या दारावर त्यानंतर पुष्कळ थापा पडल्या. कोणी केक आणी, कोणी अंगणातले बर्फ काढून देई. 'मी नव्हते' हे सांगून सांगून ती दमली आणि मग तिने सांगणे सोडून दिले. वांडा केंटकीहून एक सामना पाहायला आली आणि करडी-पिवळी टोपी घालून परत गेली. "थंडी होती म्हणून घातली," असे ती म्हणाली.

पुढे नोरीनचे गुडघे गेले. कॉलेजने नवे खेचर आणले, हलके, धुता येणारे, हसऱ्या दातांचे. माझ्यासाठी काचेचे कपाट केले. त्याला कुलूप लावायचे ठरले तेव्हा नोरीन डॉर्सीबाईंकडे गेली आणि तिने एक किल्ली मागून घेतली. धुके उतरले की ती काठी टेकत बोळात येई, कपाट उघडे करी, माझ्या कातड्याला तेल लावल्यासारखे करी आणि दार तसेच सताड ठेवून मैदानावर आपल्या जागी जाऊन बसे. रखवालदाराला वाटे, बाई विसरल्या. संध्याकाळी तो दार लावायला येई तेव्हा कधी कधी फरशीवर पाणी दिसे. तो छताकडे पाही आणि फडके आणायला जाई.

गेल्या शरदात नोरीन आजारी पडली आणि इस्पितळात होती. त्याच दिवसांत शनिवारी दाट धुके आले. कपाट बंद होते. मैदानावर बँड वाजत होता, मुले धावत होती, आणि माझ्यातला श्वास जलद होत चालला होता. मग तो माझ्या तोंडातून बाहेर पडला आणि काचेवर आदळला. पुन्हा आदळला. काच पांढरी झाली. रखवालदार तेथून जात होता. त्याने फडके काढून काच पुसली. पुसली जाईना. त्याने तोंडाची वाफ देऊन जोराने घासली. मग त्याच्या ध्यानात आले की ती आतून धुरकटली आहे. तो फडके तिथेच टाकून गेला.

त्या दिवशी कालव्यावर काही घडले नाही. कोणी तिकडे गेलेच नव्हते, एवढेच.

नोरीन आता बरी आहे, पण तिला खुर्चीतून न्यावे लागते आणि सगळ्याच शनिवारी कोणी नेतेच असे नाही. म्हणून मी तुम्हाला सांगतो, मित्रांनो. मला नवे कातडे नको. माझ्या डोळ्यांना तुम्ही भ्यायलात तरी चालेल. वर्षातून एकदा साबण लावलात तर आयाळ टिकेल. पण सहलीला आलात आणि खिडकीबाहेरची कुंपणे दिसेनाशी झाली, तर रखवालदाराच्या खोलीत खिळ्याला किल्ली असते. ती आणा आणि दार उघडे ठेवा. मग बोळाच्या मधून चालू नका. भिंतीकडून चाला, आणि कोणी जवळून गेल्यासारखे वाटले तर त्याला वाट द्या.